शनिवारवाडा पुन्हा बांधायचाय? आधी मामाच्या वाड्याचा खांब बघा

दर जानेवारीत हे होतंच. वाड्याचा पाया घातल्याची १० तारीख जवळ आली की कुठल्यातरी ग्रुपवर शनिवारवाड्याचं ते कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र येतं. सात मजले, सोनेरी कळस, पांढरेशुभ्र संगमरवरी खांब, मधे कारंजं, आणि आकाश असं केशरी की वाटावं वाड्यामागे कुणी होळी पेटवलीय. खाली लिहिलेलं असतं, असा होता आपला शनिवारवाडा, पुन्हा उभा राहिलाच पाहिजे, शेअर करा. मग तासाभरात दोन फळ्या पडतात. एक म्हणते बांधाच, पैसे आम्ही वर्गणी काढून देतो, बाकीच्या देशांनी बांधलं मग आपल्याला काय धाड भरलीय. दुसरी म्हणते कसली पेशवाई आणि कसला वाडा, आहे ते जोतंसुद्धा काढून टाका आणि बाग करा. मग कुणीतरी कुणाची तरी जात काढतं, कुणीतरी ग्रुप सोडतं, आणि संध्याकाळी मिसळीचा फोटो येऊन विषय संपतो. २०२८ ला वाडा जळाल्याला दोनशे वर्षं होतील, तेव्हा हे सगळं दहापट जोरात होणार हे आत्ताच सांगून ठेवतो.

मला दोन्हीकडचं पटत नाही. पण म्हणून मधला मार्ग सुचवायला आलेलो नाही, माझं मत एकदम एका बाजूचं आहे. शनिवारवाडा पुन्हा बांधू नये, त्या जोत्यावर नवी वीट चढवू नये. हे मी पेशव्यांवर राग आहे म्हणून म्हणत नाही, उलट अठराव्या शतकातली मराठी सुतारी, चुन्याचं काम, भिंतींवरची चित्रं हे मला मनापासून आवडतं म्हणून म्हणतोय. ज्याला ते खरंच आवडतं त्याने जळून गेलेल्या वाड्याचा पुतळा उभारायच्या आधी जे वाडे अजून उभे आहेत, गळतायत, ज्यांना वाळवी खातेय, त्यांच्याकडे बघावं. पैसा तिकडे जावा, सुतार तिकडे जावेत.

आता समोरच्यांचं म्हणणं किती खरं आहे ते आधी कबूल करतो, कारण मी ते स्वतः भोगलंय. मागे चुलतभावाचा मुलगा आला होता, न्यू जर्सीत वाढलेला, नऊ वर्षांचा. त्याला बाजीरावाच्या गोष्टी सांगत सांगत नेला. दिल्ली दरवाजापर्यंत पोरगं खूष. दरवाजावरचे ते टोकदार खिळे, हत्तीने धडक मारू नये म्हणून लावलेले, त्याने एकेक हात लावून बघितले. वरचा नगारखाना बघितला. आत गेलो आणि समोर हिरवळ, पायवाटा, फूटभर उंचीची दगडी जोती आणि हजारी कारंज्याचा कोरडा खड्डा. तो दोन मिनिटं इकडेतिकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काका, पण वाडा कुठंय?" मी म्हटलं हाच. तो म्हणाला, हे तर गार्डन आहे. काय उत्तर देणार? पुण्यातल्या हजारो शाळकरी पोरांनी सहलीला येऊन हाच प्रश्न मनात गिळलेला असणार. नुसत्या जोत्यांवरून वाडा डोळ्यासमोर उभा करायला बऱ्यापैकी वाचन लागतं आणि ते सगळ्यांनी केलेलं असावं ही अपेक्षा थोडी उर्मट आहे. तेव्हा काहीतरी दिसलं पाहिजे ही मागणी मी मान्य करतो.

दुसरं, बाकीच्या देशांनी बांधलं हेही खरं आहे आणि साधंसुधं नाही बांधलं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे हे अठराव्या शतकातलंच चर्च, १७४३ ला पूर्ण झालेलं, फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बिंगमध्ये कोसळलं, साठ वर्षांनी २००५ ला पुन्हा उभं राहिलं. ढिगाऱ्यातले जुने काळे पडलेले दगड नव्या पिवळसर दगडांत जिथल्या तिथे बसवलेत, लांबूनही कळतात. आणि पोलंडची राजधानी वॉर्सा तर याहून भारी. १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी ठरवून, घरामागून घर उडवलं, जुनं शहर ८५ टक्क्यांच्या वर गेलं. पोलिश लोकांनी ते पुन्हा बांधलं, आणि १९८० ला युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यतासुद्धा दिली. म्हणजे पुन्हा बांधलेलं सगळं खोटं असं म्हणणाऱ्याला वॉर्साचा माणूस घराबाहेर काढेल, आणि बरोबरच करेल.

पण वॉर्साने ते कशाच्या जोरावर बांधलं हे ग्रुपवर कुणी सांगत नाही. त्यांच्याकडे बेलोत्तो होता. बेर्नार्दो बेलोत्तो हा व्हेनिसचा चित्रकार, प्रसिद्ध कानालेत्तोचा भाचा, पोलंडच्या राजाचा दरबारी चित्रकार झाला आणि १७७० च्या दशकात त्याने वॉर्साच्या रस्त्यांची एकामागून एक मोठी तपशीलवार चित्रं काढली, कुठल्या घराला किती खिडक्या, कुठल्या खिडकीवर कसली नक्षी, इथपर्यंत. शिवाय युद्धाआधी आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी जुन्या शहराची मोजमापं घेऊन ठेवली होती आणि युद्धात ती जिवावर उदार होऊन लपवली होती. फोटो होते. आणि त्या घरांत राहिलेली माणसं जिवंत होती. एवढं सगळं असूनसुद्धा गंमत बघा, बेलोत्तो चित्र सुंदर दिसावं म्हणून इमारतींत स्वतःच्या मनाने थोडे फेरफार करायचा, आणि त्यातले काही फेरफार आज वॉर्सामध्ये विटा-चुन्यात उभे आहेत.

आपल्याकडे काय आहे? गणपती रंगमहाल, नाचाचा दिवाणखाना, आरसेमहाल, हस्तिदंती महाल, मेघडंबरी. नावं शिल्लक आहेत, रूप नाही. नावावरून कुणी महाल बांधतं का? कागदपत्रांत खर्चाचे, सामानाचे, कारागिरांचे उल्लेख सापडतात, पण खर्चाच्या नोंदीवरून महिरप किती रुंद होती ते कळत नाही. चित्रांचं म्हणाल तर जे सगळ्यात प्रसिद्ध आहे ते लंडनच्या टेट संग्रहात आहे, १७९० साली इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात तह करतोय ते. भव्य दिवाणखाना, खांब, बसलेले सरदार. अनेक जण तेच पुरावा म्हणून पाठवतात. पण ते चित्र काढलं थॉमस डॅनिएलने, १८०५ मध्ये, म्हणजे तहानंतर पंधरा वर्षांनी. त्याने ते काढलं जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराच्या कच्च्या रेखाटनांवरून. आणि वेल्स मुंबईला पोचला तोच १७९१ ला, तो तह त्याने बघितलेलाच नाही, १७९५ ला तर तो वारला. (पुढे मॅलेटने वेल्सच्याच मुलीशी लग्न केलं, म्हणजे ते चित्र एका अर्थाने सासऱ्याचं अर्धवट राहिलेलं काम जावयाने दुसऱ्याकडून पुरं करून घेतलेलं.) चित्र म्हणून ते उत्तम आहे, मला ते तासभर बघत बसायला आवडेल. पण इंजिनीअरने त्यावरून तुळईचं माप काढायचं म्हटलं तर अवघड आहे.

बरं, पुरावा आकाशातून पडला असं धरू. तरी प्रश्न राहतोच की कुठला शनिवारवाडा बांधणार? १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, खर्च १६,११० रुपये असा आकडा सगळीकडे दिला जातो. तो थोरल्या बाजीरावांचा वाडा, तसा आटोपशीर. पुढे नानासाहेबांनी वाढवला, तटबंदी पुरी केली, नवे महाल चढवले. मग माधवरावांचा काळ. मग १७७३, नारायणरावांचा खून. मग सवाई माधवरावांसाठी बांधलेलं हजारी कारंजं, मग दुसऱ्या बाजीरावांच्या भरी. २७ फेब्रुवारी १८२८ च्या शेवटच्या आगीआधीही वाड्यात आगी लागल्या होत्या, जळलेलं काढून नवं बांधलं होतं. शंभर वर्षं जे घर सारखं बदलत होतं त्याची एक तारीख पकडून कोण सांगणार की हाच खरा? बाजीरावांचा बांधला तर त्यात हजारी कारंजं नाही. सवाई माधवरावांचा बांधला तर पाटी कुणाच्या नावाची लावणार, कारण जे मागणी करतायत त्यांना मनातून बाजीराव-मस्तानी हवेत. मला वाटतं प्रामाणिकपणे विचारलं तर बऱ्याच जणांना यातला कुठलाच नकोय, त्यांना सिनेमातला हवाय.

आणि इथे माझं खरं भांडण सुरू होतं. त्या सोनेरी चित्रात जे दाखवतात ते मराठी अठरावं शतक नाहीच. ते जयपूर, व्हर्साय आणि लग्नाचा हॉल यांची खिचडी आहे. आपली चव वेगळी होती. वाड्यात शिरलं की काय दिसतं? दिंडी दरवाजा, वाकून आत जायचं, देवडी, मग एकदम उघडा चौक, चारी बाजूंनी ओसरी. गडद झालेलं सागवान, त्याच्यामागे चुन्याची पांढरी भिंत. खांब सुरूच्या झाडासारखा, खाली बारीक, मग फुगीर, वर पुन्हा निमुळता, त्यावर लाकडाची महिरप, कोपऱ्यात लोंबणारं केळफूल. वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत. बास. सगळी श्रीमंती मापात आणि जोडकामात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि घर किती मोठं हे फुटांत नाही तर खणांत सांगायचे, पाच खणांचा सोपा, सात खणांचा माळा. आतली भिंत भरताना त्यातच कोनाडे, फडताळं, धान्याचं बळद. बाहेरून बघाल तर बहुतेक वाडे एखाद्या गढीसारखे बंद, कोरडे. जे काय आहे ते आत, घरच्या माणसाला.

कपड्यांतही तेच. वेल्सने १७९२ ला सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र केलं ते बघा. पेशव्यांच्या अंगावर पांढरं झिरझिरीत कापड, त्यावर मोती आणि जडजवाहीर, आणि शेजारी नाना, कृश, जवळजवळ साधे. तलम पांढऱ्यावर मोजका दागिना. म्हणजे भिंत आणि माणूस एकाच हिशेबाने सजवलेले. आता याच दशकांत फ्रान्सच्या दरबारात बायकांचे केसांचे डोलारे दीड-दोन फूट वर गेले होते, आणि तिथल्या राणीने १७८३ मध्ये साध्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यात चित्र काढून घेतलं तर लोकांनी असा गहजब केला की प्रदर्शनातून ते चित्र काढावं लागलं, म्हणे राणी शेमिजवर बसलीय. पुण्यात तो झगा कुणाच्या डोळ्यातही आला नसता. मुद्दा असा की आपला थाट ओळखायला आपले डोळे लागतात. ते सोनेरी चित्र पाठवणारा माणूस नकळत हेच म्हणत असतो की आमचा वाडा जसा होता तसा पुरेसा भारी नव्हता, म्हणून थोडं संगमरवर घालून घेतलं. हा अभिमान आहे की न्यूनगंड?

याचा अर्थ ते सगळं शुद्ध मराठमोळं होतं असंही नाही, आणि हा दुसरा भाबडेपणा आहे. सुरूदार खांब मोगलांकडून आला. जामा, अंगरखा तिकडचेच. शनिवारवाड्याच्या कारागिरांत जयपूरच्या माणसाचं नाव सांगतात. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर नाना फडणवीसांच्या देवळाशेजारी जी घंटा टांगलीय ती वसईची, पोर्तुगीजांची, चिमाजीआप्पांच्या १७३९ च्या विजयातली, आणि जवळ जाऊन बघितलं तर तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे. कृष्णेच्या काठी, महादेवाच्या देवळात, मेरीची घंटा, आणि गेली अडीचशे वर्षं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि गंगाराम तांबट आठवा. वेल्स आणि मॅलेटच्या आसऱ्याने शनिवारवाड्यातच चित्रकला शिकवायची सोय झाली होती, त्यातला हा पुण्याचा पोरगा, आडनावावरूनच कळतं घरचा धंदा कुठला. त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली, आणि वेल्स यायच्या आधीच, १७९० मध्ये, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. इंग्रजी पद्धतीची छाया, आपल्या पद्धतीची रेघ, आणि जनावर असं की कातडीच्या घड्या मोजून घ्या. आज ते अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पुण्यात त्याच्या नावाचा साधा चौकसुद्धा माझ्या बघण्यात नाही.

जोतंसुद्धा काढून टाका म्हणणाऱ्या दुसऱ्या फळीला मी गंगारामाचंच नाव सांगतो. पेशवाईतले जातीचे निर्बंध, अस्पृश्यांचा छळ हे खरं आहे, ते झाकून वाड्याचं कौतुक करणं खोटारडेपणा आहे, आणि जोत्यावर उभं राहून कुणाला राग आला तर त्याला तो हक्क आहे. पण वाडा पेशव्यांनी बांधला हे वाक्य कितपत खरं? पेशव्यांनी पैसे दिले. बांधला सुतारांनी, पाथरवटांनी, गवंड्यांनी, चुना मळणाऱ्या बायकांनी, रंगवला चिताऱ्यांनी. वाडा पुसून टाकला की पेशव्यांची नावं पुस्तकात राहणारच आहेत, पुसले जाणार ते हे लोक, ज्यांची सही फक्त त्या लाकडात आहे. तेव्हा राग मालकावर काढायचाय तर जरूर काढा, पण सुताराच्या कामावर कशाला?

आता सगळ्यात अवघड आक्षेप. एक मित्र आहे, आर्किटेक्ट, तो म्हणतो की मूळ लाकूड, मूळ दगड हे खूळच युरोपचं आहे. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करताना कुणी विचारलं होतं का दगड मूळ आहे का? जपानमधलं इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी पूर्ण उतरवून शेजारच्या जागेत नवं बांधतात, २०१३ ला बांधलं, आता २०३३ ला बांधतील, आणि ते तेराशे वर्षं जुनं आहे असं म्हणतात ते काय खोटं आहे? याच्यापुढे मी बराच वेळ गप्प बसलो होतो. त्याचं बरोबर आहे. लाकडाची इमारत दगडासारखी टिकत नाही, ती भाग बदलत बदलतच जगते. पण मग इसेमध्ये वीस वर्षांनी नेमकं टिकतं काय? टिकतो तो सुतार. म्हातारा सुतार पोराला शिकवतो, पोरगा पुढच्या खेपेला म्हातारा झालेला असतो. ती साखळी मधे युद्धांच्या काळात शंभरेक वर्षं तुटली तरी पुन्हा जोडून जपली म्हणून नवं देऊळ जुनं म्हणवतं. आपली साखळी कुठेय? उद्या शनिवारवाड्याचं टेंडर निघालं तर काय होईल डोळ्यासमोर आणा. आरसीसीची फ्रेम, त्याच्यावर सागाची पट्टी नाहीतर सागाच्या रंगाचं प्लायवूड, फायबरची केळफुलं, एलईडी, लिफ्ट, आणि बाहेर सेल्फी पॉइंट. इसेचं उदाहरण माझ्या विरोधात नाही, माझ्या बाजूचं आहे. आधी सुतार, मग वाडा.

आणि सुतार तयार कुठे होणार? दुरुस्तीवर. कुजलेल्या तुळईवर, खचलेल्या जोत्यावर. ही शाळा आपल्याकडे आयती आहे, पुण्याच्या पेठांत, वाईत, सासवडला, नाशिकला, चांदवडला, आणि ती आपण रोज एक वर्ग बंद करत चाललोय. त्याची कारणं पेशव्यांइतकी रोमँटिक नाहीत म्हणून ग्रुपवर येत नाहीत. १९४७ चा भाडे कायदा घ्या. भाडी १९४० च्या आकड्यांवर गोठली आणि पन्नास वर्षं गोठलेलीच राहिली, नवीन कायदा २००० मध्ये लागू झाला आणि त्यातही वाढ वर्षाला चार टक्के. वीस-तीस रुपये भाड्यात मालकाने कौलं कशी बदलायची? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात बसले. मग वाटण्या, एका वाड्याला सतरा हिस्सेदार, त्यातले चार परदेशात. मग एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधकाम करता येतं त्याचं गणित. मालकाला दोष द्यायची माझी हिंमत नाही. पावसाळ्यात बादल्या लावून झोपणाऱ्या, सार्वजनिक संडास वापरणाऱ्या माणसाला वारसा जपा म्हणून सांगणं सोपं असतं, सांगणारा बहुतेक फ्लॅटमध्ये राहत असतो. मीही राहतो.

शनिवारवाड्याचाच एक विनोद ऐका. तो केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक, त्यामुळे स्मारकांच्या कायद्यात २०१० ला झालेल्या दुरुस्तीनंतर त्याच्याभोवती शंभर मीटरमध्ये नवीन बांधकाम बंद. आजूबाजूच्या जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना पाडून बांधता येत नाही, आणि साधी दुरुस्ती करायची तर ना-हरकतीच्या फेऱ्या. म्हणजे ज्या वाड्यांत आज माणसं राहतात त्यांच्या डोक्यावर छप्पर गळतंय ते एका अशा वाड्याच्या रक्षणासाठी, जो जळूनच गेलाय. पुनर्बांधणीसाठी जे पैसे आणि जी राजकीय ताकद लावायची म्हणतात, तिचा एक तुकडा या शंभर मीटरमध्ये लावला, म्हणजे दुरुस्तीला सरळ अनुदान, सरकारी यादीतले सुतार, एका खिडकीवर परवानगी, तर दहा वर्षांत त्या परिसराचं रूप बदलेल. त्या नऊ वर्षांच्या पोराला मग मी जोत्यांवरून सरळ शेजारच्या चालत्याबोलत्या वाड्यात नेईन, तिथे चौकात उभा करीन आणि वर बघ म्हणीन.

हे स्वप्नरंजन नाही, थोडंफार झालेलं आहे. विश्रामबागवाडा, दुसऱ्या बाजीरावांचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग गेला, लोकांनी वर्गणी काढून तो सावरला आणि तो लाकडी दर्शनी भाग आजही बाजीराव रस्त्यावर उभा आहे. (त्याच आगीच्या रात्री बुधवारवाडा मात्र कायमचा गेला, त्याची आठवण काढून रडणारा मला अजून भेटला नाही.) कोथरूडचा मस्तानी महाल पडायला आला तेव्हा दिनकर केळकरांनी त्याचं लाकूडकाम आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभं केलं, एका माणसाने. आणि मेणवलीचा नानांचा वाडा उभा राहिला म्हणून त्याच्या भिंतींवरची चित्रं राहिली, आणि त्यातलं दप्तरही राहिलं, ज्यावर इतिहासकारांच्या पिढ्या जगल्या. छप्पर गेलं असतं तर कागदही गेले असते. ही तिन्ही उदाहरणं बघा, एकातही कुणी राखेतून कल्पनेने महाल बांधला नाही.

मग शनिवारवाड्यात काहीच करू नये का? करा की. प्रत्येक जोत्यापाशी साधी, अचूक, मराठीत नीट लिहिलेली पाटी लावा, आत्ता आहेत त्या वाचून माणूस जास्त गोंधळतो. हजारी कारंज्यात वर्षातून चार दिवस तरी पाणी सोडा. नगारखान्याच्या लाकडाची नीट देखभाल करा, कारण तिथे खरं अठरावं शतक अजून डोक्यावर आहे. मोबाईलवर चित्र दाखवायचंय तर दाखवा, पण त्यात माहीत असलेलं ठळक आणि अंदाजाचं फिकट असं काढा. आणि तांबटाच्या गेंड्याची मोठी छापील प्रत तिथे लावा, पोरं तिच्यासमोर थांबतील, मी लिहून देतो.

आता मामाच्या वाड्याचं. वाईला आहे, मोठा नाही, एक चौक, पाच खणी सोपा. गेल्या पावसाळ्यात सोप्याचा दुसरा खांब बुडातून गेला. खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, पण मधे कुणीतरी फरशी बसवताना तळखडा सिमेंटमध्ये गाडला, पाणी तिथे अडत राहिलं आणि वीतभर लाकडाचा भुसा झाला. कॉन्ट्रॅक्टर आला, बोटाने लाकूड टोकरून म्हणाला, काका, काढून टाकू, आरसीसीचा कॉलम घेऊ, वरून सागाचा कलर, कुणाला कळणार नाही. मामाने चहा पाजून पाठवून दिला. मग पसरणीकडचा एक सुतार शोधून काढला, सत्तरीचा. त्याने तुळईला टेकू दिला, खांबाचा कुजलेला भाग तिरका कापला, जुन्याच वाड्याच्या सागाचा तुकडा आणून तेवढाच तासला, एकाचं टोक दुसऱ्याच्या खोबणीत असं बसवलं की खिळा एक नाही, दोन लाकडी खुंट्या फक्त. चार दिवस लागले. सिमेंट फोडून तळखडा मोकळा केला तो वेगळाच. मी जोडावरून नख फिरवून बघितलं, अडकलं नाही. त्यांना विचारलं, पोरं येतात का हाताखाली? म्हणाले, थोरला पुण्याला पार्सलं पोचवतो, धाकटा येतो कधीकधी, पण रोज काम असंल तर येईल ना.

चौथ्या खांबालाही तसंच झालंय. परवा मामाचा फोन होता, दिवाळीनंतर सुतार यायला तयार आहे, धाकट्यालाही घेऊन येतो म्हणालाय, सागाचे पैसे तेवढे आधी पाठव.